पोराला बीपी निघालं म्हणून खेळ बंद करू नका

रक्तदाब हा चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या माणसाचा आजार, अशी आपल्या घराघरांत समजूत आहे. आजोबांच्या उशाशी गोळ्यांची पट्टी असते, आजीच्या जेवणात मीठ कमी घालायला डॉक्टरांनी सांगितलेले असते, आणि भांडण झाले की "माझं बीपी वाढवू नका" असे आपण म्हणतो. पण शाळेत जाणाऱ्या मुलालाही रक्तदाब असू शकतो हे सांगितले की आयाबाया प्रथम हसतात आणि पुढे खरेच तसा आकडा निघाला की रडायला लागतात. जे करायचे असते ते या दोन्हींच्या मध्येच राहून जाते.

सात रस्त्याच्या परिसरात राहणारे एक कुटुंब माझ्या ओळखीचे आहे. नावगाव सांगण्याचे कारण नाही. वडील रिक्षा चालवतात, आई घरी विड्या वळते, सोबत आजी. तेरा वर्षांचा मुलगा शाळेच्या खो-खो संघात. अंगाने जरा भरलेला, पण पळायला चपळ. एका आरोग्य तपासणीत त्याचा रक्तदाब मोजला तो १४२/८८ निघाला. पोरगा दोन मजले पळत चढून आला होता, रांगेत ढकलाढकली चालू होती, खुर्चीवर बसताच पट्टा बांधला. कार्डावर आकडा लिहून पालकांना दाखवायला सांगितले. घरी आजीने निकाल देऊन टाकला : "पळून पळून रगत चढलंय त्याचं. गप बसवा घरात." दुसऱ्या दिवसापासून खो-खो बंद. मुलगा रुसला म्हणून वडिलांचा मोबाईल संध्याकाळी त्याच्या हातात आला. भूक लागली की पाच रुपयांची खारी पुडी. तीन आठवडे असे गेले, आणि मग ती आई माझ्याकडे आली. म्हणाली, "सिस्टर, आता तर मी त्याला जिनासुद्धा चढू देत नाही. अजून काय करू?"

त्या घरात कोणीच निष्काळजी नव्हते. सगळे काळजीनेच वागत होते, आणि नेमकी उलटी गोष्ट करत होते. असे आपल्या किती घरांत होत असेल, म्हणून हा विषय जरा सविस्तर घेते.

आजीचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. धावताना वरचा आकडा चढतोच. पायाच्या स्नायूंना रक्त जास्त लागते, हृदय जोरात आणि भराभर ठोके देते. ते तसे चढले नाही तर माणसाला पळताच येणार नाही. पण ही चढण तेवढ्यापुरती असते. खेळून झाल्यावर मूल शांत बसले की आकडा उतरतो, आणि पुढचे काही तास तर तो खेळण्याआधीच्या पेक्षाही थोडा खाली राहतो. रक्तदाबाचा आजार म्हणतात तो वेगळा. शांत बसलेले असताना, काही कारण नसताना, दिवसामागून दिवस दाब चढलेला राहणे म्हणजे तो आजार. रोज पळणाऱ्या मुलाचे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलते, म्हणून विश्रांतीत त्याला कमी ठोके द्यावे लागतात. रक्तवाहिन्यांची आतली भिंत लवचीक राहते, वेळेला सैल पडते. अंगातल्या इन्सुलिनचे काम सुधारते. मोटार एका बाजूला जोरात चालू आणि पाइप मात्र ताठ, अशी गत झाली की पाइपवर ताण येतो. खेळाने मोटारही शांत चालते आणि पाइपही नरम राहतो.

हे नुसते सांगण्यासारखे नाही, करून पाहिलेले आहे. अमेरिकेत हॅगबर्ग नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रक्तदाब वाढलेल्या २५ मुलामुलींना सहा महिने नियमित व्यायाम दिला. ती सरासरी पंधरा-सोळा वर्षांची होती. त्यांचा रक्तदाब उतरला. पुढे व्यायाम थांबला, आणि नऊ महिन्यांनी मोजले तेव्हा तो परत पहिल्या जागी जाऊन बसला होता. हा अभ्यास १९८३ सालचा. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा येथे लठ्ठ अशा लहान शाळकरी मुलांना आठवड्यातून तीन वेळा एकेक तास व्यायाम दिला, तेव्हा तीन महिन्यांत त्यांचा दाब कमी झाला आणि पुढे रक्तवाहिन्यांची तब्येतही सुधारली. ते २००९ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा सात रस्त्यावरच्या त्या मुलाचे जे औषध होते, तेच घरच्यांनी बंद केले होते.

मात्र एक गोष्ट आधी. तो १४२/८८ आकडा खरा होता का?

मुलाचा रक्तदाब मोजणे सोपे काम नाही. मोजण्याआधी मुलाने निदान तीन ते पाच मिनिटे गप्प बसायला हवे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर टेकलेले, उजवा हात छातीच्या पातळीला आधारावर ठेवलेला. बोलणे नाही, हसणे नाही. लघवी लागलेली असेल तर आधी करून यावे. आणि सगळ्यात महत्त्वाचा तो दंडाला बांधायचा पट्टा, म्हणजे कफ. त्यातली रबरी पिशवी दंडाच्या घेराच्या किमान ४० टक्के रुंद असावी आणि लांबीने दंडाला जवळजवळ पूर्ण वेढा घालावा. भरलेल्या दंडाला अरुंद पट्टा बांधला तर आकडा उगाच जास्त येतो. काडीसारख्या दंडाला मोठ्या माणसाचा पट्टा बांधला तर उगाच कमी येतो आणि खरा आजार लपून राहतो. डॉक्टरांना "मुलाच्या मापाचा कफ आहे का?" असे विचारायला संकोच करू नका. आपल्या माणसांना दवाखान्यात तोंड उघडायचा अजून धीर होत नाही, पण हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. चांगला डॉक्टर खूशच होईल.

एका दिवसाच्या एका आकड्यावरून मुलाला रक्तदाब आहे असे म्हणता येत नाही. निरनिराळ्या तीन दिवशी मोजून तिन्ही वेळा जास्त निघाला तरच तसे म्हणायचे. पांढरा कोट पाहून धडधडणारी मुले काही थोडी नसतात.

आता किती म्हणजे जास्त? अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली जी पट्टी ठरवली ती आपल्याकडचे पुष्कळ डॉक्टरही वापरतात. तेरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना मोठ्यांसारखाच हिशेब आहे. १२०/८० च्या आत असेल तर ठीक. वरचा आकडा १२० ते १२९ आणि खालचा ८० च्या आत असेल तर वाढू लागला आहे असे समजायचे. १३०/८० पासून पुढे रक्तदाबाची पहिली पायरी आणि १४०/९० पासून दुसरी. तेराच्या आतल्या मुलांना मात्र एकच आकडा लावता येत नाही. वय, उंची आणि मुलगा की मुलगी हे पाहून तक्ता काढावा लागतो. अंदाजासाठी एवढे लक्षात ठेवा : दहा वर्षांच्या मुलाचा दाब १०८/७२ किंवा त्याहून जास्त आला, तर डॉक्टरांनी तक्ता उघडून पाहायला हवा. मोठ्या माणसाला १०८ म्हणजे उत्तम, म्हणून अनेकदा "नॉर्मल आहे" असे म्हणून मुलाला परत पाठवले जाते. त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो, पण तक्ता पाहिलेला नसतो.

आपल्या देशात असे किती मुलांना आहे? २०१६ ते २०१८ या काळात देशभर मुलांच्या पोषणाची मोठी सरकारी पाहणी झाली. तिच्या अहवालात १० ते १९ वयाच्या दर शंभर मुलांत सुमारे पाच जणांना रक्तदाब आढळला. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात दोन-तीन मुले धरा. दुखत काही नाही, ताप येत नाही, मूल खाते-पिते, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही.

त्या आईला मी तिचे बाळंतपणाचे कार्ड आणायला सांगितले. तिला नवल वाटले. पोरगा तेरा वर्षांचा झाला, आता बाळंतपणाचे कार्ड कशाला? पण त्यावर जे निघाले ते मला पाहायचेच होते. जन्माचे वजन २ किलो १०० ग्रॅम.

यामागे आपल्या महाराष्ट्रातलीच एक मोठी हकीकत आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्याच रुग्णालयात जन्मलेल्या ४७७ मुलांना आठ वर्षांची झाल्यावर परत बोलावून तपासले. जन्माचे वजन कागदावर होतेच. त्यात असे दिसले की आजचे वजन सारखे धरले तर, जे मूल जन्मताना जास्त हलके होते त्याचा वरचा रक्तदाब जास्त, इन्सुलिनचे बिघडणेही जास्त. आणि सगळ्यात वाईट स्थिती कोणाची? जन्मताना बारीक आणि आठव्या वर्षी अंगावर चरबी चढलेली, अशा मुलांची. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर वाचला गेला. पुढे पुण्याजवळच्या सहा खेड्यांत, १९९३ पासून, गरोदर बायांपासून सुरुवात करून त्यांनी मुलांचा मागोवा घेतला. तिथली बाळे इंग्लंडच्या बाळांच्या मानाने बरीच हलकी, सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर. पण हाडे-स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने टिकवून धरलेली. दिसायला बारीक, आतून चरबी. म्हणून "आमचं पोरगं कुठं लठ्ठ आहे, काटकुळं तर आहे" एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही. शिवणकामाची टेप घ्या आणि मुलाची कंबर मोजा. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली तर लक्ष द्यायला हवे, मग वजनकाटा काहीही सांगो.

पोटात असताना बाळाला अन्न कमी पडले की शरीर काटकसर शिकते. मूत्रपिंडातल्या गाळण्या कमी तयार होतात, आणि जन्मानंतर त्या वाढत नाहीत. पुढे तेच मूल मिठाच्या, तेलाच्या, बसून राहण्याच्या दिवसांत येऊन पडते आणि काटकसरीचे शरीर गोंधळते. आता आपल्या घरांकडे पाहा. गरोदरपणात नवव्या महिन्यापर्यंत सूप मांडीवर घेऊन हजाराच्या हिशेबाने विड्या वळणारी बाई, तंबाखूची धूळ नाकातोंडात, जेवायला घरात सगळ्यांच्या शेवटी. तिचे बाळ हलके भरले तर दोष तिचा नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ज्यांचे वजन नोंदले गेले अशा दर शंभर बाळांत सुमारे अठरा बाळे अडीच किलोच्या आत होती. ही अठरा कोणाच्या घरातली, हे वेगळे सांगायला नको. त्या बाईला डोळ्यांत पाणी आणून "म्हणजे माझ्यामुळंच का?" असे विचारावे लागले, त्याचा मला राग आला. तिच्यावर नव्हे.

तेव्हा ज्यांच्याकडे मुलाचे जन्मकार्ड आहे त्यांनी ते जपून ठेवावे, आणि वजन अडीच किलोच्या आत असेल तर डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. अशा मुलाचा रक्तदाब वर्षातून एकदा तरी मोजावा. जन्माचे वजन आता बदलता येत नाही. खेळ, मीठ आणि झोप मात्र आपल्या हातात आहेत.

मुलाचे पुढे काय झाले ते सांगते. तीन वेगवेगळ्या दिवशी, शांत बसवून, त्याच्या मापाच्या पट्ट्याने मोजले. १३४/८२, १३२/८२, १३०/८०. म्हणजे पहिल्या आकड्याइतका नाही, पण आहे. बालरोगतज्ज्ञांनी लघवी आणि रक्त तपासले, मूत्रपिंड ठीक निघाले. गोळी दिली नाही. खो-खो चालू करा, मीठ कमी करा, महिन्यांनी दाखवा, एवढेच सांगितले. आजीचा विश्वास बसेना. ती स्वतः डॉक्टरांपुढे जाऊन बसली, आणि डॉक्टरांनीही तिला शांतपणे सगळे परत सांगितले, हे त्यांचे मोठेपण. सहा महिन्यांनी मोजला तो १२६/७८. अजून पूर्ण उतरलेला नाही. त्याला आणखी काही वर्षे नजरेखाली ठेवावे लागेल.

किती खेळायचे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे की ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी एक तास अंग हलेल असा व्यायाम करावा, आणि आठवड्यातून तीन दिवस तरी दम लागेल, स्नायूंना जोर पडेल असा. तासभर एकदम नको, वीस-वीस मिनिटांचे तीन तुकडेही चालतात. मोजायला घड्याळ लागत नाही. खेळताना मुलाला बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो मध्यम व्यायाम. दोन शब्दांवर दम लागतो, तो जोराचा.

या हिशेबाने आपल्या गल्लीतले क्रिकेट फार कमी पडते, हे क्रिकेटवेड्यांनी रागावू नये. दहा पोरांत एक जण फटका मारतो, एक जण चेंडू टाकतो, बाकीचे आठ जण कमरेवर हात ठेवून उभे, आणि चेंडू गटारात गेला की सगळेच उभे. खो-खोचे तसे नाही. नऊ जणांतला एक पळतो, आठ बसलेले, पण कोण कधी उठेल ते सांगता येत नाही. दर काही सेकंदांनी उठ, पळ, वळ, बस. नऊ मिनिटांच्या पाळीत अंगाचा घाम निघतो. बॅट नको, चेंडू नको, बूट नको. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी जिंकला. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्रातले. लंगडी, लगोरी, आट्यापाट्या, शिवाशिवी, दोरीउड्या, फुगडी, हे सगळे खेळ या कामाला पुरेसे आहेत.

मुलींचे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतल्या ११ ते १७ वयाच्या शाळकरी मुलांची माहिती एकत्र करून २०१९ साली एक अहवाल मांडला. जगात दर शंभर मुलांत ८१ मुले रोजची पुरेशी हालचाल करत नाहीत. भारतात हा आकडा सुमारे ७४, म्हणजे जगाच्या मानाने थोडा बरा. का बरा? मुलगे क्रिकेट खेळत असावेत आणि मुलींना घरकाम पडत असावे, असा संशोधकांचा अंदाज. वाचून मला हसावे की रडावे कळेना. नळाची कळशी उचलणारी, धुणे पिळणारी, धाकट्याला कडेवर घेऊन फिरणारी आपली पोरगी कागदावर तंदुरुस्त ठरली! अंग हलते हे खरे, पण दम लागेपर्यंत पळणे त्यात नाही, आणि मैत्रिणींबरोबर ओरडणे-हसणे तर नाहीच. बाराव्या-तेराव्या वर्षी पाळी आली की तिचे मैदान बंद होते. शाळेतून आली की आईशेजारी पाने कापायला बसते. पाळीच्या दिवसांतही मुलगी खेळू शकते, त्याने काही बिघडत नाही. तिला अर्धा तास मोकळा द्यायचा तर तेवढा वेळ भावाने कळशी उचलावी.

मिठाचा हिशेब सोपा आहे. मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खावे, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. मुलांना त्याहून कमी. पाच माणसांच्या घरात दिवसाला पंचवीस ग्रॅम झाले, तर एक किलोची पिशवी चाळीस दिवस पुरायला हवी. तुमच्याकडे किती दिवस पुरते ते पिशवी फोडाल त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. वीस दिवसांत संपत असेल तर घर दुप्पट मीठ खाते आहे, आणि त्यात बाहेरच्या पुड्या, वेफर, पापड, विकतचे लोणचे धरलेले नाही. सोलापूरकराला शेंगाचटणी सोडा म्हणण्याचा अधिकार मला नाही आणि मी स्वतः सोडलेली नाही. पण घरी कुटताना मीठ निम्मे करता येते, लसूण आणि तिखट आहेच. भातात आणि भाकरीच्या पिठात मीठ घालायची सवय असेल तर ती तेवढी सोडा, दोन आठवड्यांत जिभेला कळेनासे होते. घरात तंबाखू असल्याने पोरे दाताला मिसरी लावतात, तिनेही ठोके आणि दाब लगेच वाढतात, हे जाता जाता सांगते.

आता धोक्याच्या गोष्टी. लहान मुलाला, विशेषतः सहा-सात वर्षांच्या आतल्या मुलाला रक्तदाब निघाला तर बहुधा मूत्रपिंडाचे किंवा क्वचित हृदयाजवळच्या रक्तवाहिनीचे कारण असते. तिथे नुसत्या खेळावर सोडून चालणार नाही. खरूज पिकली किंवा घसा सुजला, आणि दोन-तीन आठवड्यांत सकाळी तोंड-डोळे सुजले, लघवी कमी किंवा चहाच्या रंगाची झाली, तर मूत्रपिंडाला सूज आलेली असू शकते आणि दाब झपाट्याने चढतो. फार डोके दुखून उलट्या, अंधुक दिसणे, आकडी, छातीत दुखणे, खेळताना चक्कर येऊन पडणे, यांतले काही झाले तर त्याच दिवशी दवाखाना. सोलापुरात सिव्हिलला, म्हणजे डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, मुलांचा वेगळा विभाग आहे. दाब दुसऱ्या पायरीचा असेल तर तो ताब्यात येईपर्यंत जड वजने उचलणे आणि तालमीतली कुस्ती बंद ठेवावी लागते, ते डॉक्टर सांगतील. आणि आजोबांची गोळी अर्धी करून मुलाला कधीही देऊ नका. मी असे पाहिलेले आहे.

शाळेत येणाऱ्या सरकारी आरोग्य पथकाचा उपयोग करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम नावाची ही योजना २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाली. पथक यायच्या दिवशी पोराला सुट्टी घेऊ देऊ नका. कार्डावर काय लिहिले ते वाचून घ्या, आणि रक्तदाबाचा रकाना रिकामा असेल तर मोजायला सांगा.

राहिला जागेचा प्रश्न. सात रस्त्यावर नावाप्रमाणे सात बाजूंनी गाड्या येतात, तिथे कोणती आई पोराला एकटे सोडील? होम मैदान, पार्क मैदान, विजापूर रस्त्यावरचा संभाजी तलाव, ही ठिकाणे मोठ्यांनी बोट धरून न्यायची. रोज ते जमत नाही. मग उरते वस्तीतले पटांगण, विहारासमोरची मोकळी जागा आणि शाळा. विहारासमोर संध्याकाळी दुचाक्या लावल्या जातात, त्या तासभर बाजूला घेतल्या तर एक खो-खोचा डाव बसतो. मंडळाच्या तरुणांनी एवढे मनावर घ्यावे. शाळेत खेळाच्या तासाला गणित शिकवले जाते, अशी तक्रार पालक माझ्याकडे करतात, शाळेत करत नाहीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात खेळाचे मैदान आणि खेळाचे साहित्य दोन्ही लिहिलेले आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांना शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. तुमच्या ओळखीची कोणी तरी त्या समितीत असेलच. बैठकीत "खेळाचा तास खेळालाच हवा" एवढे एक वाक्य वहीत लिहवून घ्यायला तिला सांगा.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचे ऊन चाळिशीच्या वर जाते. तेव्हा सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतरच खेळावे, आणि खेळायला जाण्याआधी पोटभर पाणी. पावसात बाहेर जागा नसेल तेव्हा घराच्या दारात दोरीउड्या. विकतची दोरी लागत नाही, कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी चालते. मधोमध पाय ठेवून दोन्ही टोके वर ओढायची, ती काखेपर्यंत आली की माप बरोबर. टोकांना जुन्या कापडाची गाठ मारावी, म्हणजे हात सोलत नाहीत.